खुब्यात काय बसवलंय?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आणि विषय विचारला. मी सांगितलं, "खुब्याचा सांधा." त्यावर पहिला प्रश्न आला, "काहून बाप्पा? तू तर सॉफ्टवेअरवाली ना?"

सांगते काहून. आपल्या बॅचच्या ग्रुपवर दहा वर्षांपूर्वी मुलांच्या ॲडमिशनचे प्रश्न यायचे. आता आई-वडिलांचे रिपोर्ट येतात. "आईचा खुबा बदलायचा आहे, डॉक्टरांनी तीन किमतींचे तीन सांधे सांगितलेत, कोणता घेऊ?" हा प्रश्न गेल्या दोन वर्षांत तिथे चार वेळा आला. उत्तरंही ठरलेली. एक म्हणतो, सगळ्यात महाग असेल तो घे. दुसरा म्हणतो, इम्पोर्टेडच घे. तिसरी म्हणते, नवीन मॉडेल आलंय म्हणे, ते विचार. आणि उरलेले चाळीस जण हात जोडल्याची खूण पाठवतात.

मी डॉक्टर नाही. समोर आपल्याच शाळेतून निघालेले तीन-चार अस्थिरोगतज्ज्ञ बसलेत, माझं काही चुकलं तर त्यांनी इथेच कान धरावा. पण कृत्रिम सांधा हे शेवटी एक यंत्र आहे, आणि दोन यंत्रांची तुलना कशी करायची हे मला शिकवलेलं आहे. माझ्या घरी हा प्रश्न आला तेव्हा मी महिनाभर त्याच्या मागे लागले. त्यातून जे हाती लागलं ते आज तुमच्यासमोर ठेवते.

आधी यंत्र समजून घेऊ. विज्ञानाच्या तासाला बाईंनी उखळीचा सांधा शिकवला होता, आठवतं? मांडीच्या हाडाचं वरचं टोक म्हणजे गोळा, आणि कमरेच्या हाडात त्याला बसायला खळगा. बदललेल्या सांध्यात चार भाग असतात. मांडीच्या हाडाच्या पोकळीत उतरणारा दांडा, म्हणजे स्टेम. त्याच्या टोकावर बसणारा गोळा, म्हणजे हेड. कमरेच्या हाडात बसणारी वाटी, म्हणजे कप. आणि वाटीच्या आत बसणारं अस्तर, म्हणजे लायनर. म्हातारं माणूस न्हाणीघरात घसरून पडलं आणि हाड खुब्याशी मोडलं, तर पुष्कळदा वाटी बदलतच नाहीत, फक्त दांडा आणि गोळा बसवतात. त्याला अर्धा सांधा म्हणा. आपल्याकडे "बॉल टाकला" म्हणतात तो हाच.

पण खुबा फक्त म्हाताऱ्यांचाच बदलतात असं नाही. गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला की तो आतून मरतो आणि खचतो. दीर्घकाळ स्टेरॉइड घेतल्याने हे होतं, दारूने होतं, आणि आपल्या विदर्भात आणखी एका कारणाने होतं, ते म्हणजे सिकलसेल. विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्या बंद करतात आणि पंचविशीतल्या पोराचा खुबा सत्तरीतल्या माणसासारखा होतो. आता विचार करा. ऐंशी वर्षांच्या आजीला दहा वर्षं टिकणारा सांधा पुरतो. त्या पोराला पन्नास वर्षं काढायची आहेत. म्हणून "चांगला सांधा कोणता" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणासाठी, हे आधी विचारावं लागतं.

या यंत्रावर पडणारं काम तरी किती? साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच ते तीन पट भार येतो. प्रयोगशाळेत सांध्याची झीज मोजतात तेव्हा दहा लाख फेऱ्या म्हणजे साधारण एक वर्ष असा हिशोब धरतात. तेल घालायची सोय नाही, उघडून साफ करायची सोय नाही. पंधरा वर्षं म्हणजे दीड कोटी फेऱ्या. आपल्या स्कूटरकडून आपण एवढी अपेक्षा ठेवत नाही.

आज आपण जो सांधा ओळखतो तो जॉन चार्नली या ब्रिटिश सर्जनने घडवला. त्याने अस्तरासाठी आधी टेफ्लॉन वापरलं. आपल्या नॉनस्टिक तव्यावर असतं तेच. एवढं गुळगुळीत द्रव्य म्हटल्यावर कागदावर दुसरा उमेदवारच नव्हता. शेकडो रुग्णांना ते सांधे बसवले गेले आणि दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून गेलं. झिजलेल्या कणांनी आजूबाजूचं हाड खराब झालं. त्या कणांचा शरीरावर काय परिणाम होतो हे पाहायला चार्नलीने स्वतःच्या मांडीत टेफ्लॉनचे नमुने टोचून घेतले होते. मग नोव्हेंबर १९६२ पासून त्याने दाट पॉलिएथिलीनचं अस्तर आणि फक्त २२.२ मिलिमीटरचा लहान गोळा वापरायला सुरुवात केली, दांडा आणि वाटी हाडात सिमेंटने पक्की केली. ती जोडी दशकानुदशकं टिकली. यातला महत्त्वाचा भाग असा, की तो आपले रुग्ण वर्षानुवर्षं परत बोलावून तपासत राहिला.

आता डॉक्टरांच्या टेबलावरचे पर्याय पाहू.

पहिला प्रश्न: कशावर काय घासणार? धातूचा गोळा आणि प्लॅस्टिकचं अस्तर ही चार्नलीची परंपरा. जुन्या प्लॅस्टिकची झीज वर्षाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. ऐकायला काहीच नाही, पण ते सूक्ष्म कण हाड पोखरतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस किरणोत्सर्गाने जास्त घट्ट विणलेलं पॉलिएथिलीन आलं आणि झीज खूपच कमी झाली. दुसरा पर्याय सिरॅमिकचा गोळा. तो अतिशय गुळगुळीत, झीज कमी, म्हणून तरुणांना अनेकदा सुचवतात. गोळा आणि अस्तर दोन्ही सिरॅमिकचं असेल तर क्वचित फुटतं, क्वचित चालताना आवाज करतं. तिसरा पर्याय धातूवर धातू. त्याची गोष्ट पुढे येते.

दुसरा प्रश्न: गोळा किती मोठा? मोठा गोळा वाटीतून सहज निसटत नाही. पण मोठा गोळा प्रत्येक पावलाला जास्त अंतर घासतो, आणि वाटी तेवढीच असल्याने अस्तर पातळ करावं लागतं. आपल्याकडे मांडी घालून बसणं, उकिडवं बसणं, भारतीय पद्धतीचा संडास, म्हणून निसटण्याची भीती खरी. त्यासाठी गोळ्याभोवती दुसरा फिरता गोळा बसवायची युक्ती फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात जिल बुस्के यांनी काढली. तिला ड्युअल मोबिलिटी म्हणतात.

तिसरा प्रश्न: सिमेंट की बिनसिमेंट? सिमेंटने सांधा लगेच पक्का होतो, म्हणून हाड ठिसूळ झालेल्या वयस्कांना ते सोयीचं. बिनसिमेंटच्या दांड्याचा पृष्ठभाग खरबरीत असतो किंवा त्यावर हाडातल्याच खनिजाचा थर असतो, आणि हाड त्याला येऊन धरतं. हाड चांगलं असेल तर हे छान चालतं.

इथपर्यंत सगळं तर्काने कळतं. पण माझं महिनाभराचं वाचन जिथे अडलं ती जागा पुढे आहे. कारण या क्षेत्रात तर्क वारंवार तोंडावर पडलेला आहे.

इंग्लंडमधल्या एक्सिटरची गोष्ट घ्या. तिथे रॉबिन लिंग हे सर्जन आणि क्लाइव्ह ली हे इंजिनिअर, दोघांनी मिळून १९७० मध्ये एक दांडा तयार केला. निमुळता आणि आरशासारखा चकचकीत. तो चांगला चालला. १९७६ मध्ये त्याचा पृष्ठभाग चकचकीतऐवजी मॅट केला गेला. आकार बदलला नाही, फक्त पॉलिश गेलं. आणि दांडे सैल पडण्याचं प्रमाण वाढलं. नंतर कारण कळलं. चकचकीत दांडा सिमेंटमध्ये केसभर खाली सरकून पाचरीसारखा अधिकाधिक घट्ट बसत होता. मॅट दांडा सिमेंटला घासून त्याची भुकटी करत होता. १९८६ मध्ये पॉलिश परत आणलं, आणि तो दांडा आजही जगातल्या सर्वात भरवशाच्या दांड्यांमध्ये गणला जातो. माझ्या धंद्यात "एकच तर ओळ बदलली" असं म्हणणाऱ्याकडे आम्ही संशयाने पाहतो. इथे तर एकच पॉलिश बदललं होतं.

आणखी एक. २००१ साली एका फ्रेंच कारखान्यातले झिर्कोनिया सिरॅमिकचे गोळे बाजारातून परत बोलवावे लागले. डिझाइन तेच होतं, द्रव्य तेच होतं. कारखान्याने भट्टीची पद्धत बदलली होती आणि त्यानंतरच्या काही खेपांतले गोळे माणसांच्या शरीरात फुटू लागले. म्हणजे कंपनीचं आणि मॉडेलचं नाव माहीत असूनही पुरत नाही. कोणत्या खेपेचा आहे, तो क्रमांकही लागतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

आता धातूवर धातू. १९९७ मध्ये बर्मिंगहॅमचे सर्जन डेरेक मॅकमिन यांनी एक सांधा आणला. त्यात मांडीच्या हाडाचा गोळा कापून टाकायचा नाही, त्यावर फक्त धातूची टोपी चढवायची, आणि समोर धातूचीच वाटी. तरुण, खेळकर रुग्णांना तो मानवला. काही वर्षांनी, २००३ मध्ये, डीप्यू या कंपनीने त्याच कल्पनेवर आपला सांधा आणला, एएसआर. पुढे त्याचा पूर्ण दांड्याचा प्रकारही आला. डीप्यू ही जॉन्सन अँड जॉन्सन समूहातली कंपनी. नाव मोठं, मॉडेल नवं आणि इम्पोर्टेड. आपल्या ग्रुपवरच्या तिन्ही सल्ल्यांत तो पास झाला असता.

दोन्ही सांधे शेजारी ठेवले तर सामान्य माणसाला फरक दिसणार नाही. फरक असा होता, की एएसआरची वाटी अर्ध्या गोलापेक्षा अधिक उथळ होती, आणि गोळा व वाटी यांच्यातली फट कमी होती. दोन्हीमागे कारणं होती. उथळ वाटीने पाय जास्त वळेल, कमी फटीने झीज कमी होईल. पण वाटी उथळ असली की भार तिच्या कडेवर यायला वेळ लागत नाही. सर्जनच्या हातून ती वाटी थोडी जास्त उभी बसली, की गोळा कडेवर घासतो, वंगण तुटतं, आणि कोबाल्ट व क्रोमियमचे अतिसूक्ष्म कण सुटतात. ते रक्तात जातात, आजूबाजूचे स्नायू मरतात, गाठी होतात. जुन्या सांध्यात वाटी तेवढीच तिरपी बसली असती तर तो निभावून नेला असता. इंजिनिअर म्हणून मला यातला धडा फार मोठा वाटतो: चांगलं डिझाइन म्हणजे सर्व काही अचूक झाल्यावर उत्तम चालणारं नव्हे, तर थोडं इकडेतिकडे झालेलं पोटात घालणारं.

आणि बर्मिंगहॅमचा सांधा तरी सगळ्यांसाठी चांगला निघाला का? नाही. बायकांची हाडं लहान, त्यांना लहान मापाची टोपी लागते, आणि लहान मापांमध्ये तो जास्त बिघडतो हे पुढे आकड्यांनी दाखवलं. २०१५ मध्ये कंपनीने लहान मापं काढून घेतली आणि बायकांना तो बसवू नये असं जाहीर केलं. पुरुषांमध्ये चांगला चाललेला सांधा बायकांमध्ये तसा चालला नाही, हे कळायला अठरा वर्षं लागली. आपण आयांसाठी सांधे निवडतोय, म्हणून मुद्दाम सांगितलं.

हे सगळं कळलं कसं? नोंदवह्यांमुळे. स्वीडनने १९७९ पासून देशात बसवलेल्या प्रत्येक खुब्याची नोंद ठेवली. कोणता सांधा, कोणाला, कधी, आणि पुन्हा कधी बदलावा लागला. ऑस्ट्रेलियाने १९९९ मध्ये तशी नोंदवही सुरू केली. एएसआर प्रमाणाबाहेर बिघडतोय हे तिथल्या नोंदवहीतून २००७ पासून दिसू लागलं. डिसेंबर २००९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या बाजारातून काढला गेला. २०१० मध्ये इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीचे आकडे आले. पाच वर्षांत शंभरातले बारा-तेरा सांधे पुन्हा बदलावे लागले होते. तुलनेला सांगते, तिथे आज चांगल्या सांध्याची कसोटी अशी आहे, की दहा वर्षांत शंभरातले पाचपेक्षा जास्त बदलावे लागू नयेत. ऑगस्ट २०१० मध्ये कंपनीने तो जगभरातून परत मागवला. तोवर सुमारे ९३,००० जणांच्या शरीरात तो गेला होता.

त्यात आपले लोकही होते. भारतात एएसआर २००६ पासून येत होता. सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या. आपल्या महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने, महेश झगडे आयुक्त असताना, हे प्रकरण उचललं, पोलिसांत गुन्हा नोंदवला, केंद्राकडे पाठपुरावा केला. पुढे २०१७ मध्ये केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली आणि २०१८ मध्ये तीस लाखांपासून सव्वा कोटीच्या आसपासपर्यंत नुकसानभरपाईचं सूत्र ठरलं. पण या सगळ्यात मला झोप न येऊ देणारा आकडा दुसराच आहे. त्या ४,७०० मधल्या साडेतीन हजारांहून अधिक रुग्णांचा पत्ताच लागला नाही. भरपाई ठरली, पण ती घ्यायला माणसं सापडेनात. कोणाच्या खुब्यात काय आहे याची यादीच नव्हती. आपल्या खुब्यात तो सांधा आहे हे त्यातल्या कित्येकांना आजही माहीत नसेल.

यावर कोणी म्हणेल, आपल्याकडे असंच. म्हणून ब्रिटनचं उदाहरण सांगते. तिथे १९९१ मध्ये थ्रीएम कॅपिटल नावाचा सांधा आला होता, चार्नलीच्या सांध्याची स्वस्त आवृत्ती. साडेचार हजारांहून अधिक लोकांना बसवला, तो लवकर बिघडू लागला, आणि १९९८ मध्ये रुग्ण शोधायची वेळ आली तेव्हा त्यांचीही तशीच धावपळ झाली. फरक पुढे पडला. त्यानंतर २००३ मध्ये त्यांनी राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. त्यांचा आणि आपला फटका जवळपास सारख्याच आकड्याचा होता. त्यांच्याकडे त्यातून वही निघाली. आपल्याकडे सर्जनांच्या संघटनेने २००६ पासून स्वेच्छेची नोंदणी चालवली आहे, २०१५ पासून उपकरणांबद्दलच्या तक्रारींसाठी मटेरिओव्हिजिलन्स हा सरकारी कार्यक्रमही आहे. पण प्रत्येक खुब्याची सक्तीची नोंद अजून नाही.

आज अकोल्याहून जे आले ते मूर्तिजापूरमार्गे, आपल्या जागतिक विक्रमाच्या रस्त्याने आले. जून २०२२ मध्ये तिथे ७५ किलोमीटरची डांबरी लेन १०५ तास ३३ मिनिटांत केली आणि गिनीजने नोंद घेतली. अभिमान आहेच. पण रस्ता किती तासांत झाला हे घड्याळ सांगतं, किती टिकणार हे पावसाळेच सांगतात. सांध्याचंही तसंच. कॅटलॉगमध्ये घड्याळाच्या गोष्टी असतात. आपल्याला पावसाळे विचारायचे आहेत. चांगली बातमी ही, की पावसाळे मोजून झालेले पुष्कळ सांधे आज मिळतात. २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये वेगवेगळ्या देशांच्या आकड्यांचा एकत्र अभ्यास आला. पंधरा वर्षांनंतर शंभरातले एकोणनव्वद खुबे जागेवर होते, वीस वर्षांनी सत्तर, पंचवीस वर्षांनी अठ्ठावन्न. म्हणून घाबरू नका. खुबा बदलणं ही आधुनिक वैद्यकातली अतिशय यशस्वी शस्त्रक्रिया आहे.

आता घरची एक गोष्ट, थोडक्यात. माझे काका अकोल्याला असतात. त्यांचा खुबा बऱ्याच वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरात बदलला होता. पुढे तो दुखू लागला. तपासात दिसलं, दांडा हाडात घट्ट आहे, अस्तर तेवढं झिजलंय. डॉक्टर म्हणाले, नुसतं अस्तर आणि गोळा बदलून भागेल, फक्त कोणत्या कंपनीचं कोणतं मॉडेल ते सांगा, कारण एकाचा गोळा दुसऱ्याच्या दांड्यावर बसत नाही. घरात फाइल सापडली नाही. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे विचारलं, एवढे जुने कागद ठेवत नाही असं उत्तर मिळालं. एक्स-रेवरून अंदाज करून पाहिला, खात्री होईना. शेवटी घट्ट बसलेला, काही दोष नसलेला दांडा हाडात खिडकी पाडून काढावा लागला. दीड तासाचं काम साडेचार तासांवर गेलं. काका आता काठी घेऊन चालतात. हातभर मजकुराचं एक स्टिकर असतं तर ते काठीशिवाय चालले असते असं त्यांचे डॉक्टर म्हणाले.

ते स्टिकर म्हणजे काय? सांध्याच्या प्रत्येक भागाच्या खोक्यात चिकटपट्ट्या येतात. त्यावर कंपनी, मॉडेल, माप, आणि लॉट नंबर, म्हणजे मघाशी सांगितलेला खेपेचा क्रमांक असतो. शस्त्रक्रियेच्या वेळी त्या रुग्णाच्या कागदांवर चिकटवतात. त्याची एक प्रत आपल्या हातात असायला हवी. बस, एवढंच.

आपण वऱ्हाडातली माणसं आहोत, आपल्याला हे नव्याने शिकवावं लागू नये. कापसाचं बियाणं घेताना आपले वडील काय करायचे? पाकिटावरच्या बोंडाच्या फोटोला भुलायचे नाहीत. शेजाऱ्याच्या वावरात ते वाण गेल्या दोन-तीन हंगामांत कसं आलं ते बांधावर जाऊन पाहायचे. जमीन काळी की हलकी, पाणी आहे की कोरडवाहू, त्यावर वाण ठरायचं. आणि पेरणी झाल्यावर पाकीट, लेबल आणि बिल आढ्याला खोचून ठेवायचे, कारण उगवलं नाही तर कृषी कार्यालयात तेच विचारतात. पाकीटभर बियाण्याचं लेबल आपण हंगामभर जपतो. आईच्या शरीरात आयुष्यभरासाठी पेरलेल्या वस्तूचं लेबल मात्र डिस्चार्जच्या दिवशी औषधांच्या पिशवीबरोबर कचऱ्यात जातं.

म्हणून ग्रुपवरच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. "कोणता सांधा सगळ्यात भारी?" हे डॉक्टरांना विचारू नका. हे विचारा: हा सांधा किती वर्षांपासून बसवला जातोय, आणि दहा वर्षांनंतरचे त्याचे आकडे कोणत्या देशाच्या नोंदवहीत आहेत? तुम्ही स्वतः हाच सांधा नेहमी बसवता का? कारण ज्याचा हात ज्या सांध्यावर बसलाय त्याच्याकडून तोच घेणं बहुधा शहाणपणाचं असतं. माझ्या आईच्या वयाला, हाडाला आणि बसण्या-उठण्याला हाच का? नवीन मॉडेल सुचवत असाल तर जुन्यात काय कमी होतं? आणि शेवटचं: स्टिकरची प्रत मला कधी मिळेल? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचा राग येत नाही. समोर बसलेले आपले डॉक्टर मान हलवताहेत, म्हणजे मी फारशी चुकलेली नाही.

ज्यांच्या घरी सांधा आधीच बसलाय त्यांचं काम आणखी सोपं आहे. कागद शोधा. स्टिकरचा स्पष्ट फोटो काढा, दोन भावंडांच्या फोनमध्ये ठेवा, आणि एका वहीत हाताने लिहून ठेवा, कारण फोन बदलतात. कागद नसतील तर रुग्णालयाला आजच लेखी अर्ज करा. पाच वर्षांपूर्वीचे कागद मिळण्याची शक्यता पंधरा वर्षांपूर्वीच्यांपेक्षा जास्त असते. धातूवर धातू असलेला सांधा निघाला, तर घाबरून न जाता डॉक्टरांना दाखवा. रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी होते, लक्ष ठेवता येतं, वेळेत बदलता येतो.

देशाची नोंदवही कधी होईल ती होवो, व्हायलाच हवी, आणि इथे बसलेल्यांपैकी जे प्रशासनात आहेत त्यांनी तो विषय आपल्या टेबलावर ठेवावा. पण तोवर घराघरातली वही आपल्या हातात आहे. जेवणाला अजून दहा मिनिटं आहेत असं संयोजक खुणावताहेत. ती दहा मिनिटं सत्कारी लावा. ज्यांच्या आई-बाबांचा, काका-मावशीचा खुबा किंवा गुडघा बदललाय त्यांनी आत्ता बाहेर जाऊन घरी फोन करा, आणि फाइल कोणत्या कपाटात आहे तेवढं विचारून या. पुरणपोळी थांबेल.